थांबा, येतंय

माय दुसऱ्याच्या शेतात निंदायला जायची तेव्हा कोमलला अंगणातल्या लिंबाखाली बांधून जायची. जुन्या लुगड्याची पट्टी होती. तिचं एक टोक खाटेच्या पायाला आणि दुसरं कोमलच्या कमरेला. शेजारी पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा. हे वाचून कोणाला वाईट वाटलं तर वाटू द्या. आम्हाला तरी कुठं चांगलं वाटत होतं? पण नाना सकाळीच कापसाच्या जिनिंगवर कामाला जायचे, मी शाळेत असायचो, आणि मायच्या मजुरीशिवाय आमची चूल पेटत नव्हती. कोमलला मोकळी ठेवली तर ती सरपटत थेट रस्त्यावर जायची. एकदा बैलगाडीच्या चाकाजवळ सापडली. त्या दिवसापासून पट्टी आली.

कोमल माझी बहीण, माझ्याहून सात वर्षांनी लहान. जन्मली तेव्हा रडली नाही. मग हातपाय ताठरले, मान डुलायला लागली. शब्द यायचा, पण फार उशिरानं. तोंड वाकडं व्हायचं, गळ्याच्या शिरा फुगायच्या, आणि शब्द बाहेर पडेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. गावात तिला येडी म्हणायचे. ती येडी नाही हे आम्हाला वाटायचं, पण छातीठोक सांगावं इतकी खात्री आम्हालाही नव्हती. तिचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायला आमच्याकडे तरी वेळ कुठं होता?

बोरसे मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा घरी कोणी नव्हतं. मी शाळेतून आलो तर एक जाडजूड बाई चपला काढून लिंबाखाली मातीतच बसलेली. हातात कागदाची पुडी. त्यातला एक शेंगदाणा स्वतः खायची, एक कोमलच्या बोटांसमोर धरायची. कोमलला तो पकडता यायचा नाही, तो पडायचा, बाई दुसरा धरायच्या. लुगड्याची पट्टी सोडून त्यांनी मांडीवर घेतली होती.

"तू भाऊ का हिचा?" त्यांनी विचारलं. "जा, पाणी आण. गार आण."

मला वाटलं, कोणीतरी तक्रार केली आणि ही बाई मायला न्यायला आली. मी पाणी दिलं आणि दाराशी उभा राहिलो. बाई हलायचं नाव घेईनात. पारोळ्याची गाडी गेली, तरी बसूनच. दिवस कलला तेव्हा माय आली. बाईच्या मांडीवर पट्टी दिसली आणि ती दारातच खाली बसली.

"मी तिले मारस नही, मॅडम," माय म्हणाली.

"मी कुठं म्हटलं मारता? गाठ कोणी मारली?"

"मीच."

"कशी मारली ते दाखवा."

मायनं पुन्हा बांधून दाखवली. गायीला दावं बांधतात ती गाठ, ओढली की आणखी आवळणारी. मॅडमनी वाकून नीट पाहिली आणि म्हणाल्या, "बांधायचंच असेल तर रोज बांधा. पण ओढली की सुटेल अशी गाठ मारा. टोक हिच्या हाताला लागू द्या. बांधायचं तुम्ही, सोडायचं हिनं."

"मंग बांधीसन काय उपेग?"

"तेच तर," मॅडम म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या. मुक्कामाला राहा म्हटलं तर नाही. दुधाच्या गाडीत पुढे बसून पारोळ्याला गेल्या.

अशी ती ओळख. नंतर कळलं, त्या सरकारच्या योजनेतल्या विशेष शिक्षिका होत्या. राहायला धुळ्याला, काम आमच्या पारोळा तालुक्यात. ज्या मुलांना ऐकू येत नाही, दिसत नाही, समजायला वेळ लागतो, चालता येत नाही, त्यांना त्यांच्याच गावच्या शाळेत जाऊन शिकवायचं आणि शाळेतल्या सरांनाही शिकवायचं, असं ते काम. आमचं गाव मंगळवारी. नोकरी करारावरची.

पट्टीचं पुढं असं झालं की वेचणीच्या दिवसांत एका दुपारी आमच्या शेजारणी लताअक्का शेताच्या वाटेनं हाका मारत पळत आल्या. "अव्वं, तुनी कोमल सुटनी. मना ओटावर यीसन बशेल शे." माय कापसाची ओटी तशीच टाकून धावली. कोमल खरंच लताअक्कांच्या ओट्याला टेकून बसली होती, कोपरं सोललेली, आणि हसत होती. मायनं तिला आधी एक चापट मारली, मग छातीशी धरलं. आठ वर्षांच्या आयुष्यात कोमलनं स्वतःच्या हातानं केलेलं ते पहिलं काम.

ती पट्टी मग शाळेत गेली. कोमलचं नाव तिच्या वयाच्या वर्गात घातलं, आणि ती बाकावरून घसरू नये म्हणून कमरेला तीच पट्टी, तीच ओढून सुटणारी गाठ. घंटा झाली की तिची ती सोडायची. दुसऱ्या कोणी सोडली की मॅडमच्या कपाळाला आठी.

मॅडमच्या कपाळाला आठी नेहमीच असायची म्हणा. विशेष मुलांच्या बाई म्हटल्यावर लोकांना वाटतं गोड बोलणाऱ्या, केसांवरून हात फिरवणाऱ्या असतील. यांचं तसलं काही नव्हतं. आवाज असा की शाळेच्या मागच्या बोरीवरचे पोपट उडावेत. शिंकल्या की आठवीच्या वर्गापर्यंत ऐकू जायचं. चालणं घाईचं, बसणं मात्र कायम जमिनीवर, आणि उठताना दोन्ही गुडघे कडाकडा वाजायचे. बोलायच्या धुळ्याच्या शुद्ध मराठीत, पण राग आला की अहिराणी सुटायची. त्यामुळं पोरांना बरं पडायचं. "मुलांनो" ऐकू आलं की बसून राहायचं, "काय रे भो" ऐकू आलं की पाटी आवरायची.

खांद्याला रेक्झिनची मोठी बॅग. तिच्यात कपडे वाळत घालायचे चिमटे, काचेच्या बांगड्या, गोट्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे. ट्यूब पेन्सिलीला गुंडाळून त्यांनी कोमलची पेन्सिल अंगठ्याएवढी जाड केली होती. चिमटे दोरीला लावायला द्यायच्या. एक चिमटा लावायला कोमलला अर्धा तास लागायचा, आणि मॅडम समोर बसून शेंगदाणे खायच्या. मदत नाही. मायला ते बघवायचं नाही.

"बघवत नसेल तर आत जा," मॅडम सांगायच्या. "दया घरात ठेवा. तिला पेन्सिल धरायची आहे, तुमचा पदर नाही."

नानांना एकदा विचारलं, "तुम्ही बोलता का हो हिच्याशी?"

नाना म्हणाले, "तिले कोठे बोलता येस?"

"तिचं नाही विचारलं. तुमचं विचारलं."

नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्या रात्रीपासून जिनिंगमधल्या गोष्टी, कोणाची गाडी आली, कोणाचा कापूस ओला निघाला, सगळं कोमलच्या खाटेपाशी बसून सांगायला लागले.

चहा मात्र मॅडमनी आमच्याकडे कधी घेतला नाही. कोणाच्याच घरी घेत नव्हत्या. माय दर मंगळवारी विचारायची आणि दर मंगळवारी तेच उत्तर. "चहा घेतला की मी पाहुणी होते. पाहुणीला कोणी खरं सांगत नाही." माय म्हणायची, बाई गर्विष्ठ शे. लताअक्का म्हणायच्या, तिले साखरना रोग व्हई. लताअक्कांचा मुलगा यश कोमलच्याच वर्गात. अंगानं दांडगा, मनानं लहान, अक्षरं लक्षात राहायची नाहीत. मंगळवारी त्यालाही मॅडम घेऊन बसायच्या. त्याला गाणं आवडायचं, तर पाढे सगळे चालीवर.

हजेरीची गोष्ट सांगितल्याशिवाय मॅडम कळायच्या नाहीत. आमच्या शाळेचे हेडसर हजेरी घेताना कोमलचं नाव घ्यायचे, तिच्याकडे बघून स्वतःच मान हलवायचे आणि पुढच्या नावाला जायचे. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मॅडमनी ते पाहिलं.

"सर, तिनं हजर म्हटलं नाही अजून."

"ती दिसतेय ना हजर."

"तुम्हीही दिसताय. सही करता का नाही रोज?"

हेडसरांनी तोडगा काढला, तिचं नाव शेवटी घेतो, मग हवा तेवढा वेळ. मॅडम म्हणाल्या, "शेवटी नको. तिच्या नंबरावर." आणि पुन्हा नाव घ्यायला लावलं. कोमलचं तोंड हलायला लागलं. पोरं खिदळायला लागली. शेजारची मुलगी म्हणाली, "सर, ती हजर म्हणतेय." मॅडम वळल्या आणि अहिराणी सुटली. "काबर हसतस रे? तुमले एक दिनमा बोलता उनं व्हतं का? आणि तू गं, तिचा शब्द तू नको सांगू. तिचा शब्द तिच्या तोंडातून येईल." मग वर्गाकडे तळहात करून, हळू आवाजात, "थांबा, येतंय."

सगळा वर्ग थांबला. बाहेर पिठाच्या गिरणीचा पट्टा वाजत होता तेवढाच आवाज. मग कोमलचा 'हजर' आला. 'ह' आधी, 'जर' बऱ्याच वेळानं.

तेव्हापासून ती वर्गाची रीतच झाली. कोमलला काही विचारलं की सगळे थांबायचे. कोणी मध्ये बोललं तर पोरंच त्याला गप करायची, "थांब रे, येतंय." हे गावात इतकं पसरलं की एस.टी. वेळेवर नाही आली तरी स्टॉपवरची माणसं हेच म्हणायची. वीज गेली की नाना अंधारात म्हणायचे, "थांबा, येतंय." कोमल हसायची.

मी या सगळ्याच्या कडेला होतो. बारावीनंतर धुळ्याला कॉलेजला जाऊन-येऊन शिकलो. आमच्या घरात कॉलेज पुरं करणारा मी पहिला, आणि हे मी चारचौघांत सांगतो, लाजत नाही. निकाल लागला तेव्हा मॅडमना शाळेत पेढे नेले. त्यांनी दोन उचलले. म्हणाल्या, "एक माझा, एक कोमलचा. ती बाकावर बसायला लागली म्हणून तू बसला एस.टी.त. नाहीतर खाटेपाशी तुलाच बसवलं असतं." मला तेव्हा राग आला होता. कोणी कौतुक करेल असं वाटून गेलो होतो. पण बोलणं खोटं नव्हतं. मी नववीत असताना मला शाळेतून काढायचं घरात चाललंच होतं.

त्याच वर्षी कोमल नववीत गेली आणि व्यवस्था बदलली.

वरून काय ठरलं, का ठरलं, ते आम्हाला कोणी समजावून सांगितलं नाही. शाळा वाढल्या आणि मॅडम तेवढ्याच, एवढं कळलं. आधी दर मंगळवारच्या मॅडम एकाआड एक मंगळवारी यायला लागल्या, मग महिन्यातून एकदा. यश खिडकीतून रस्त्याकडे बघत बसायचा. मग पालकांची सभा झाली. हेडसर म्हणाले, ज्या मुलांना जास्त मदत लागते त्यांना आता शाळेत यायचा त्रास नको. त्यांचं शिक्षण घरीच. मॅडम घरी येऊन शिकवतील. नाव शाळेच्या हजेरीत राहील, सवलती सगळ्या राहतील.

आणि आमच्या लोकांना आनंद झाला. मी तेव्हा धुळ्याला शेतीपंपांच्या दुकानात नुकताच नोकरीला लागलो होतो, रात्री घरी आलो तर माय आणि लताअक्का अंगण सारवत होत्या.

"आते मॅडम घर येतीन," माय म्हणाली. "पोरले उचलीसन लई जावानी दगदग नही."

"बरं झायं माय," लताअक्का म्हणाल्या. "मना यशले पोरं खिजाडतस."

मॅडम शाळेत यायच्या त्या आता आपल्या दारी येणार, म्हणजे आपला मान वाढला, असं त्यांनी धरलं. आमच्याकडे माणूस घरी येतो तो मानानंच येतो. दुसरा अर्थ त्यांच्या डोक्यात येणार तरी कसा? नानांनी पारोळ्याहून प्लास्टिकची खुर्ची आणली, मॅडम जमिनीवर बसतात हे माहीत असून. भिंतीला चुना दिला. पट्टी शाळेतल्या बाकालाच राहिली होती, ती आणा, असं कोमलनं दोनदा सांगितलं. आता पट्टीचं काय काम, म्हणून कोणी आणली नाही.

मंगळवार आला, मॅडम आल्या नाहीत. पुढचाही गेला. कोमल लिंबाखाली खाटेवर. माय कामाला. आता बांधावं लागत नव्हतं, एवढाच फरक. शाळेच्या घंटा आमच्या अंगणात ऐकू यायच्या. हजेरीच्या वेळी कोमलचं तोंड हलायचं, हे मायनं मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

मॅडम आल्या तेव्हा रविवार होता, मी घरी होतो. सारवलेलं अंगण, चुन्याची भिंत, नवी खुर्ची, सगळं त्यांनी उभ्याउभ्याच पाहिलं. मग खुर्चीवर बसल्या. जमिनीवर नाही.

"मॅडम, च्या ठेवू का?" मायनं सवयीनं विचारलं.

"ठेवा," मॅडम म्हणाल्या.

माय इतकी खूश झाली की चुलीपुढं वाकताना पदर जळता जळता वाचला. आलं किसलं, शेजारून दूध आणलं. मॅडमनी बशीत ओतून सगळा चहा प्यायला. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "चांगला झालाय. आता मी पाहुणीच आहे तुमची. पाहुणी येते, बसते, जाते. शाळा रोज असते."

मायला अजून समजलं नव्हतं. ती हसतच होती.

"माय," मॅडम म्हणाल्या. आजवर त्या ताई म्हणायच्या, माय कधी नाही. "मी अशी येऊन येऊन किती येणार? आणि आले तरी हिच्यासाठी थांबायला मी एकटी. तिथं अख्खा वर्ग थांबत होता. एकदा त्यांची सवय मोडली की पुन्हा कोण लावणार?"

मायचं हसू तेव्हा गेलं. कोमलकडे बघून तिनं विचारलं, "तुले जानं शे का शाळामा?"

आम्ही सगळे थांबलो. कोमलचा एकच शब्द आला. "पट्टी."

सोमवारी नाना आणि मी तिला शाळेत घेऊन गेलो. हेडसरांनी दारातच अडवलं. दहावीचं वर्ष जवळ आलं, शाळेचा निकाल बघावा लागतो, पडली-झडली तर जबाबदारी कोणाची, आता घरचं शिक्षण मंजूर आहे. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्याही मानेवर कोणीतरी बसलेलं होतं. पण दार अडवून उभा होता हे खरं.

मॅडमनी मायला फोनवर सांगितलं, तालुक्याच्या कार्यालयात जा. मी येऊ शकत नाही, मी त्यांच्याच हाताखाली. तुमच्या मुलाला बोलू देऊ नका, तुम्ही बोलायचं. "आणि रडू नका. रडलात तर पाणी देतील आणि घरी पाठवतील."

माय, लताअक्का आणि मी गेलो. व्हरांड्यात आमच्यासारखी कितीतरी माणसं. एक बाई मोठा, मिशा फुटलेला मुलगा काखेत धरून उभी होती. गावात शिकवणं बंद झालं, आता केंद्रावर आणा म्हणतात, कसं आणू सांगा, असं ती येईल त्याला विचारत होती. तो मुलगा भिंतीवरच्या पालीकडे बघत होता.

साहेबांनी आत बोलावलं आणि विचारलं, "हं, काय अडचण?" मायनं रात्रभर घोकलेलं सगळं त्या क्षणी गेलं. ती नुसती उभी. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी पदवीधर, माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मी पुढं झालो तर मायनं माझा हात दाबून धरला आणि साहेबांना म्हणाली, "थांबा, येतंय."

साहेब का थांबले, कोण जाणे. थांबले. पंखा फिरत होता. मग माय म्हणाली, "मनी पोरनं नाव हजेरीमा शे. मंग तिनी जागा घर काबर शे?"

एवढंच. साहेबांनी दोनदा तोंड उघडलं. शेवटी हेडसरांना फोन लावला आणि मुलीच्या पालकांची इच्छा शाळेची असेल तर बसवून घ्या, म्हणून सांगितलं. लताअक्कांना विचारलं, तुमचं काय? लताअक्का मायकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, मना पोरगा घरच बरा शे, साहेब. त्याले पोरं हसतस. बाहेर आल्यावर माय त्यांच्याशी खूप भांडली. लताअक्का तिच्या पुढं चालत जाऊन एस.टी.त बसल्या. यश आता शेळ्या राखतो. पाढे अजून चालीवर म्हणतो, शेळ्यांच्या मागं.

कोमल पुन्हा तिच्या बाकावर बसली. पट्टी तिथंच होती, कोणीतरी तिची गाठ मारून ठेवली होती. पण मॅडमचं आमच्या गावाशी काम संपलं. नव्या वाटपात त्या चोपड्याकडे गेल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत. जाताना भेटायला वगैरे आल्या नाहीत. ते त्यांच्यात बसत नव्हतं. फोनवर म्हणाल्या, लेखनिक आत्तापासून शोधा, हिचं बोलणं पुरतं ऐकून घेणारी हवी, हुशार नसली तरी चालेल.

दहावीचं वर्ष कसं गेलं ते सांगण्यासारखं नाही. लेखनिकाची परवानगी कोणाकडे मागायची, जास्तीचा वेळ मिळतो की नाही, शाळेत कोणाला पक्कं माहीत नाही. पूर्वी हे सगळं मॅडम बघायच्या. माय रोज मला फोन करून तेच विचारायची आणि मी रोज विचारून सांगतो म्हणायचो. विज्ञानाचे नवे सर थांबायचे नाहीत. वर्गातली पोरं म्हणायची, सर, येतंय, तर सर म्हणायचे, अभ्यासक्रम संपवायचाय. काही पोरंही मग म्हणेनाशी झाली. आठवीतली एक मुलगी लेखनिक मिळाली, तीही परीक्षेच्या तोंडावर.

शेवटचा पेपर पारोळ्याला झाला. कोमलची चाकाची खुर्ची रिक्षाला बांधून मी तिला स्टँडवर आणलं. ऊन मरणाचं. बाकावर बोरसे मॅडम बसल्या होत्या. मी आधी ओळखलंच नाही. अंग ओसरलेलं, केस पांढरे, बॅग तीच. धुळ्याहून निघून चोपड्याच्या गाडीची वाट बघत होत्या.

"लिहिलं का सगळं?" त्यांनी कोमलला विचारलं. नमस्कार-चमत्कार काही नाही.

कोमलनं मान हलवली.

"लेखनिकेनं स्वतःच्या मनाचं घुसडलं का?"

कोमलनं मान हलवली. नाही.

मॅडमनी पुडी काढली, एक शेंगदाणा तिच्या बोटांसमोर धरला. कोमलनं तो पहिल्या झटक्यात उचलला. मॅडमनी पुडी मिटली. मग विचारलं, "पुढं काय?"

कोमलचं तोंड हलायला लागलं, आणि त्याच वेळी चोपड्याची गाडी फलाटाला लागली. माणसं खिडक्यांतून रुमाल टाकायला लागली. मॅडम उठल्या, गुडघे वाजले. बॅग खांद्याला लावली, पण डोळे कोमलच्या तोंडावर. गाडी भरली. मॅडमचा एक पाय पायरीवर.

"बाई, येता का?" कंडक्टर म्हणाला.

"थांबा, येतंय," मॅडम त्याच्याकडे न बघता म्हणाल्या.

"कोण येतंय? कोणी दिसत नाही इथं." त्यानं घंटी मारली.

"तिकडं पोरं बसलीयेत रे माझी," मॅडम म्हणाल्या. हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, कोमलकडे त्यांना बघवलं नाही. दार लागलं. खिडकीत जागा मिळाली नव्हती, त्यामुळं दिसला तो फक्त दांड्याला धरलेला हात आणि खांद्यावरची बॅग. गाडी फाटकातून वळली.

धूळ खाली बसत होती तेव्हा कोमलचा शब्द आला.

"अकरावी."

मी म्हटलं, फोन करून सांगतो मॅडमना. कोमलनं जोरानं मान हलवली. तिचा शब्द दुसऱ्यानं सांगायचा नाही.

कोमल दहावी पास झाली. गावातल्या शाळेतून, वर्गात बसून. आता ती पारोळ्याला अकरावीत आहे आणि हजेरीला तिचं नाव तिच्या नंबरावर घेतात.